गुहागरला सुचलं नाही आणि कंपनीच्या बसमध्ये सुचलं, असं का?

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलंय की नाही तेही दिसेल. तुम्ही पुण्यात आयटीत नोकरी करता आणि रात्री एकांकिका लिहिता. अर्ध्यावर अडकली, म्हणून आठवडाभर रजा टाकून गुहागरला गेलात. लॅपटॉप घेतलाच नाहीत, 'डोकं ताजं करायचं' म्हणून. मासे खाल्ले, झोप काढली, समुद्रावर फिरलात आणि एक ओळही सुचली नाही. परत आल्यावर मंगळवारी सकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसलेले असताना शेवट सुचला. आता तुमचा प्रश्न असा, की सुचायला मन निवांत लागतं हे खरं की थाप? उलट ताणच बरा का? ध्यान सुरू करू का? आणि मित्र म्हणतो तशी नोकरी सोडू का?

तुम्ही जाता जाता दोन गोष्टी लिहून गेला आहात, माझ्या दृष्टीने उत्तर त्यातच आहे. एक, रजेच्या आधी महिनाभर तुम्ही ती संहिता उघडलीच नव्हती. दोन, परत आल्यावर रविवारी रात्री 'अपराधी वाटलं म्हणून' ती पहिल्यापासून वाचलीत आणि दुसऱ्या प्रवेशापाशी पुन्हा तिथेच अडकलात. म्हणजे गुहागरला तुम्ही निवांत होतात, पण एकांकिका तुमच्याबरोबर आलेलीच नव्हती. बसमध्ये ती होती. तेव्हा निवांतपणा की ताण, हा वाद बाजूला ठेवू. निवांत होताना डोक्यात काय होतं, हे बघू.

मी बरीच वर्षं मराठी मालिकांसाठी पटकथा आणि संवाद लिहिते. रोजच्या मालिकेत सुचण्याची वाट बघता येत नाही. तयार भागांची बँक संपत आली की आज लिहिलेला सीन उद्या शूट होतो, आणि सीन सेटवर पोचला नाही तर अख्खं युनिट मेकअप करून बसून राहतं. त्यामुळे आपल्याला कधी सुचतं आणि कधी नाही, हे निरखून बघणं हा माझ्यासाठी पोटापाण्याचा भाग आहे.

एक प्रसंग सांगते. एका मालिकेत घरातल्या अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, कपाटात एक जुनी चिठ्ठी सापडते असा ट्रॅक, म्हणजे कथेचा धागा, होता. अप्पांचं काम करणारे नट नेमके नाटकाच्या दौऱ्यावर गेले. प्रॉडक्शनचा फोन: अप्पा नाहीत, पण चिठ्ठी याच आठवड्यात उघडी पडली पाहिजे, चॅनलने प्रोमो लावलाय. मी टेबलापाशी बसून सगळे मार्ग चाचपले. सून चिठ्ठी वाचते आणि अप्पांना फोन करते. शेजारीण वाचते. धाकटा मुलगा फोटो काढून पाठवतो. सगळेच पडेल, कारण चिठ्ठीची सगळी ताकद ती अप्पांनी वाचण्यात होती, आणि अप्पाच नव्हते. शेवटी उठले आणि मेथी निवडायला बसले. काड्या एकीकडे, पानं एकीकडे, पिवळी पडलेली बाजूला. जुडी अर्धी झाली असेल नसेल, आणि सुचलं: इस्त्रीवाला कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात येतो. वरच अप्पांचा शर्ट, आणि शर्टावर घडी घातलेला कागद. 'खिशात होता, ताई.' एवढंच वाक्य. हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना एकाच वेळी कळतं, की अप्पांना चिठ्ठी कधीच सापडलीय आणि ते ती खिशात घेऊन फिरत होते. अप्पा सीनमध्ये नाहीत, तरी सीन त्यांचाच. एपिसोड शर्टवर फ्रीज.

टेबलापाशी मी 'अप्पांना चिठ्ठी आता कशी सापडेल' हेच विचारत होते. जितका जोर लावत होते तितकं ते 'आता' घट्ट होत होतं. हात मेथीत गुंतले तशी त्या एका प्रश्नावरची पकड सुटली, आणि 'आधीच सापडली होती' ही शक्यता आत शिरू शकली. माझ्या अनुभवात विश्रांती जे काम करते ते एवढंच: चुकीच्या वाटेवर रोवलेला पाय ती उचलू देते. नवं काही ती आणून देत नाही. इस्त्रीवाला, शर्ट, अप्पांचा अबोल स्वभाव, आधीच्या भागांतलं त्यांचं गप्प गप्प असणं, हे सगळं माझ्या डोक्यात आधीपासून भरलेलं होतं. लोणचं मुरतं ते फोडींना मीठ-मसाला चोळून झाल्यावर. रिकामी बरणी महिनाभर फडताळात ठेवली तरी तिच्यात काय मुरणार? तुमची गुहागरची बरणी रिकामी होती.

हे माझंच म्हणणं आहे असं नाही. 1926 साली ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने नवी कल्पना जन्मण्याचे चार टप्पे मांडले होते: तयारी, मुरणं, उलगडा आणि पडताळणी. लोकांना दुसरा आणि तिसरा टप्पा आवडतो, कारण त्यात काही करावं लागत नाही. 2009 साली दोन संशोधकांनी अशा 117 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मध्ये विश्रांती घेतल्याने फायदा होतो हे त्यांना दिसलंच, पण आधी प्रश्नाशी जास्त वेळ झटलेल्यांना तो जास्त होतो, हेही दिसलं.

या विषयावर बोलणारे बहुतेक जण फ्रेंच गणिती आंरी प्वांकारेची गोष्ट सांगतात. कुतांस गावी फिरायला गेलेला असताना बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि त्या क्षणी उत्तर चमकून गेलं. हे त्याने स्वतः 1908 मध्ये पॅरिसमधल्या एका व्याख्यानात सांगितलं आहे. पण त्याच व्याख्यानात तो हेही सांगतो, की आधी पंधरा दिवस तो रोज टेबलापाशी बसून त्याच विषयावर डोकं फोडत होता, आणि सहलीवरून परतल्यावर त्याने सगळं रीतसर तपासून पाहिलं. मनाच्या मागे चालणारं काम फळायचं तर त्याच्या आधी आणि नंतरही जाणीवपूर्वक काम लागतं, हा त्याचा स्वतःचा निष्कर्ष. गोष्ट सांगताना नेमका तोच गळतो आणि नुसती पायरी उरते. तुमचीही बसच होती, पण रविवारची रात्र विसरू नका.

आता विश्रांती कुठली, हा भाग. इथे लोक सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून जरा रेंगाळते.

नुसतं पडून राहणं आणि हाताला हलकंसं काम असणं यात फरक पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत 2012 साली एक प्रयोग झाला. नेहमीच्या वस्तूंचे जमतील तितके नवे उपयोग सांगायचे, मध्ये 12 मिनिटांची सुट्टी, मग परत तेच. सुट्टीत काहींना डोकं लागणारं काम दिलं, काहींना अगदी सोपं, काहींना नुसतं बसवलं, आणि काहींना सुट्टीच दिली नाही. सोपं काम करणारे सगळ्यांच्या पुढे गेले, तेही फक्त आधी विचार करून झालेल्या वस्तूंच्या बाबतीत. नव्या वस्तू दिल्यावर त्यांचा काही वरचढपणा दिसला नाही. नंतर काही जणांनी असेच प्रयोग केले तेव्हा निकाल इतका स्वच्छ आला नाही, त्यामुळे तो कोरून ठेवण्यासारखा नियम समजू नका. पण माझ्या मेथीशी तो जुळतो. कपड्यांच्या घड्या, भांडी लावणं, ओळखीच्या रस्त्याने चालणं ही सगळी याच जातीची कामं. रस्ता ओळखीचाच हवा. नवीन ठिकाणी डोळे आणि डोकं बघण्यात गुंततात. गुहागरला सगळंच नवं होतं. बसचा रस्ता तुम्हाला खड्ड्यांसकट पाठ आहे.

चालण्याबद्दल स्टॅनफर्डचा 2014 चा अभ्यास बोलका आहे. माणसं कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालली तरी बसलेल्यांपेक्षा त्यांना जास्त कल्पना सुचल्या. म्हणजे श्रेय निसर्गरम्य वगैरेचं नाही, चालण्याचं. पण एकच नेमकं उत्तर शोधायच्या कोड्यात चालणारे किंचित मागेच पडले. मलाही हेच जाणवतं. ट्रॅक पुढे कुठे न्यायचा हे चालताना सुचतं; संवादातला एक शब्द बदलायचा तर खुर्चीतच बसावं लागतं.

एक सांगायलाच हवं, मेथी निवडणं मला विश्रांती आहे ती मी मेथीच्या निमित्ताने टेबलावरून पळ काढते म्हणून. जिच्यावर रोज सहा माणसांच्या स्वयंपाकाची जबाबदारी आहे, तिला 'भाजी निवडताना छान सुचतं' असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे. तिच्या डोक्यात डबा, गॅस, पाण्याची वेळ हेच चालणार. काम हलकं की जड, हे त्यामागच्या जबाबदारीवर ठरतं.

आणि फोन. रील बघत पडून राहण्याला आपण आराम म्हणतो, शरीरापुरता तो असेलही. पण आम्हा लिहिणाऱ्यांचं काम शब्द आणि गोष्टींचं, आणि रीलमध्ये दर अर्ध्या मिनिटाला दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याची गोष्ट आत येते. मग आपली गोष्ट फिरायला जागा कुठली? मी ब्रेकमध्ये फोन स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवते. तुम्ही बसमध्ये इअरफोन लावले होते का, हे लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नसावेत.

वामकुक्षीबद्दल हल्ली पुणेकरांची बाजू भक्कम झाली आहे. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2021 साली लोकांना एक गणिती कोडं दिलं, ज्यात एक सोपी युक्ती दडलेली होती. मध्ये वीस मिनिटं अंधारात आरामखुर्चीत पडून राहायचं. ज्यांना पहिल्या टप्प्याची, अगदी उथळ डुलकी निदान 15 सेकंद लागली, त्यांच्यापैकी 83 टक्क्यांना नंतर युक्ती सापडली. जे जागेच राहिले त्यांच्यात 30 टक्क्यांना, आणि जे त्यापुढच्या, त्याहून गाढ झोपेत गेले त्यांच्यात फक्त 14 टक्क्यांना. तेव्हा एक ते चार शटर खाली ओढायला हा आधार पुरणार नाही, पण खुर्चीतल्या खुर्चीत डोळे मिटायला पुरेल. इथेही प्रत्येक जण आधी कोडं सोडवत बसलेला होता, हे लक्षात घ्या.

विश्रांतीने काय होत नाही, हेही सांगते. माहिती नसेल तर ती विश्रांतीतून येत नाही. कौटुंबिक न्यायालयातला सीन लिहायचा असेल आणि तिथे समुपदेशकाकडे कधी पाठवतात हे मला ठाऊक नसेल, तर शंभर फेऱ्या मारूनही मला ते कळणार नाही. वकिलाला फोन करावा लागतो. दुसरं, दोनतीनदा नीट ब्रेक घेऊनही सीन हलत नसेल, तर बहुतेक वेळा गडबड त्या सीनमध्ये नसते, मागे असते. पात्राला नक्की काय हवंय हेच ठरलेलं नसतं, आणि मग ते कुठल्याही प्रवेशात अवघडल्यासारखं उभं राहतं. अशा वेळी मी फिरायला जात नाही, मागचे पाच सीन काढून वाचते. तुम्ही दुसऱ्या प्रवेशापाशी अडकत होतात, म्हणजे पहिल्यात काहीतरी सैल असण्याची शक्यता बरीच आहे.

बरंच काही परिस्थितीवरही आहे. झोप अपुरी असेल तर या कुठल्याच युक्तीला अर्थ नाही, आधी झोपा. डोक्यावर घराचा हप्ता, आजारपण, नोकरी जाण्याची धास्ती असेल तर मोकळं सोडलेलं मन एकांकिकेकडे जात नाही, हप्त्याकडेच जातं. आणि आठवडेच्या आठवडे कशातच रस वाटत नसेल, आधी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर तो सुचण्या-न सुचण्याचा विषय राहत नाही, डॉक्टरांना दाखवावं. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल म्हणून लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली एक गोष्ट. अंग सैल असून मन ताठ असू शकतं. चॅनलच्या मीटिंगमध्ये हे नेहमी बघते. एसी, बिस्किटं, सोफे, सगळा आराम. पण गुरुवारी आलेले टीआरपीचे आकडे समोर असतात आणि प्रत्येक वाक्य कुणीतरी टिपून घेत असतं. अशा खोलीत सगळे जण आधी चाललेलंच सुचवतात: लग्नात विघ्न आणू, स्मृतिभ्रंश आणू, जुळा भाऊ आणू. मीटिंग संपते, वही मिटते, लिफ्टची वाट बघत उभे असताना कुणीतरी म्हणतं, 'वेड्यासारखं वाटेल, पण समजा तिने हे लग्न स्वतःच ठरवलेलं असेल तर?' आणि पुढचे तीन महिने त्याच्यावर चालतात. लिफ्टपाशी कुणी खुर्चीत बसलेलं नसतं, पण आपल्या बोलण्याला मार्क पडणार नाहीत हे माहीत असतं. ही ढील मला समुद्रकिनाऱ्यापेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. घरी एकटी असताना मी ती अशी आणते: अडकलेला सीन मुद्दाम जमेल तितका भिकार लिहिते. 'तू मला फसवलंस', 'हो, मी तुला फसवलं', असा. आपल्या आतला परीक्षक वाईट लिहायचं ठरवलेल्या पानाकडे ढुंकूनही बघत नाही, आणि त्या कचऱ्यात एखादं वाक्य खरं निघतं.

तेव्हा ताण बरा का, याला माझं उत्तर: मुदत बरी, भीती नाही. मुदतीचं आपल्याकडचं मोठं उदाहरण गीतरामायणाचं. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोडा जास्त काळ, एकूण 56 गाणी. गदिमांनी लिहायची, सुधीर फडक्यांनी चाल लावायची. आठवडा थांबणार नव्हता. पण रामकथा दोघांच्या अंगात मुरलेली होती, आणि आठवड्याचा प्रश्न अगदी नेमका असायचा: कथेतला हा प्रसंग, हे पात्र, एक गाणं. डोकं भरलेलं आणि प्रश्न नेमका असेल तर मुदत हातभार लावते. मी स्वतः टेबल सोडताना अडलेली गोष्ट एका ओळीत, प्रश्न म्हणून, कागदावर लिहून ठेवते. 'एपिसोड अडलाय' असं नाही. 'अप्पा घरात नसताना चिठ्ठी घरच्यांसमोर कशी येते?' असं. मग तो कागद तिथेच ठेवून उठते.

ध्यानाबद्दल थोडक्यात. काळजी कमी व्हायला, झोप लागायला ज्यांना उपयोग होतो त्यांनी जरूर करावं. पण श्वासावर लक्ष ठेवून भटकणारं मन परत परत ओढून आणण्याचा सराव, आणि मनाला एका प्रश्नाभोवती भटकू देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एकाच्या आशेने दुसरं सुरू केलंत तर ध्यान फुकट गेलं असं वाटेल.

नोकरीचं म्हणाल तर सोडू नका. निदान या कारणासाठी नाही. एक तारखेला पगार जमा होणं हाही निवांतपणाच आहे, आणि फ्रीलान्स लेखकाला तो क्वचित मिळतो. पेमेंट चार-चार महिने अडकतात आमची. शिवाय तुमच्याकडे रोजचा तासभर बसप्रवास आहे, गाडी दुसऱ्याने चालवायची आणि रस्ता पाठ. रात्री झोपायच्या आधी वीस मिनिटं संहिता वाचा, अडलेला प्रश्न एका ओळीत लिहा, सकाळी बसमध्ये फोन पिशवीत ठेवा. रोज काही सुचणार नाही. आठवड्यातून एकदा सुचलं तरी एकांकिकेला भरपूर झालं.

गुहागरलाही परत जा, पण संहिता घेऊन. सकाळी दोन तास तिच्याशी झटापट, मग मासे आणि समुद्र.

राहिला तुमचा बसमधला शेवट. तो सुचला तेव्हा 'हेच ते' असं वाटलं असेल, पण तसं मला जवळजवळ प्रत्येक वेळी वाटतं आणि निम्म्या वेळा सीन वाचून दाखवताना कोसळतो. म्हणून या आठवड्यात तो पूर्ण लिहून काढा, दोन मित्रांना पात्रं वाटून मोठ्याने वाचायला लावा, आणि ज्या वाक्यापाशी वाचणारा अडखळेल तिथे पेन्सिलची खूण करा. त्यांना शेवट आधीच कळला का, तेही विचारा. कळला असेल तर शेवटाला हात लावू नका, पहिल्या प्रवेशात तुम्ही कुठे जास्त सांगून बसला आहात ते शोधा.